हॉबसन-जॉबसन आणि हैदोस

इंग्रजी भाषेत 'हॉबसन-जॉबसन' असा एक जुना शब्द आहे. आज तो कोणी बोलत नाही. तो उरला आहे एका जाडजूड कोशाच्या मुखपृष्ठावर. इंग्रज लोक हिंदुस्थानात राहून जे शेकडो देशी शब्द आपल्या बोलण्यात वापरू लागले, त्या शब्दांचा हा कोश. कर्नल हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोन विद्वानांनी तो वर्षानुवर्षे खपून तयार केला. बर्नेल १८८२ मध्ये वारले आणि कोश १८८६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९०३ मध्ये विल्यम क्रुक यांनी त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती काढली. भाषेचा अभ्यास करणारे आजही हा कोश उघडतात. मात्र त्याच्या नावाचा अर्थ काय, हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. कोणी म्हणतो, दोन लेखकांची नावे असतील. कोणी 'हॉबसन्स चॉइस' या वाक्प्रचाराशी नाते जोडतो. तो हॉबसन वेगळा. तो केंब्रिजचा घोडेवाला, भाड्याने घोडे देणारा. त्याचा इथे काही संबंध नाही.

वाचकहो, 'हॉबसन-जॉबसन' म्हणजे 'या हसन! या हुसैन!'

होय, मोहरमची हाक. छातीवर हात मारीत मातम करणाऱ्या माणसांच्या तोंडची ही हाक छावणीतल्या गोऱ्या शिपायाच्या कानावर पडली. त्याला ती जशी ऐकू आली तशी त्याने ती उचलली, आणि तिला आपल्या गावाकडची दोन नावे चिकटवली. पुढे या शब्दाचा अर्थ झाला देशी लोकांचा सण, गर्दी, गोंगाट, तमाशा. म्हणजे ज्या हाकेत रडणे होते, ती हाक गंमतीचे नाव होऊन बसली.

एका शब्दाची एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. पण या शब्दाच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे आणि तो केवळ इंग्रजांपुरता नाही. दुसऱ्याचे दुःख आपल्याला गोंगाट म्हणून ऐकू आले, तर त्यात दोष कोणाचा? कानाचा, की मनाचा?

आधी त्या हाकेबद्दल दोन शब्द. हि. ६१ च्या मोहरम महिन्याची दहावी तारीख, म्हणजे इ. स. ६८० चा ऑक्टोबर. करबलाच्या मैदानात हजरत इमाम हुसैन (रजि.) आपल्या मूठभर साथीदारांसह शहीद झाले. फुरात नदी जवळ असूनही मुलाबाळांना पाणी मिळू दिले नव्हते. थोरले बंधू हजरत इमाम हसन (रजि.) यांचे निधन त्याआधी सुमारे दहा वर्षे मदिनेत झाले होते. पैगंबरांच्या (सल्ल.) या दोन नातवांची नावे एकत्र घेऊन फोडलेला तो टाहो आहे. ताबूत असावेत की नसावेत, मातम करावा की करू नये, यावर आपल्यात मतभेद आहेत आणि तो विषय वेगळा आहे. पण त्या नावांबद्दलच्या आदराविषयी मतभेद नाहीत.

हाकेचे हे रूपांतर एका दिवसात झालेले नाही. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर सतराव्या शतकात इकडे आला होता. १६७५ मध्ये तो आपल्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरलाही येऊन गेला. त्याच्या लिखाणात हे नाव 'होसीन-गोसीन' असे येते. एका डच लेखकाच्या ग्रंथात ते 'जाक्सोम-बाक्सोम' झाले आहे. असे घासत घासत, दोनशे वर्षांत, ते 'हॉबसन-जॉबसन' या अस्सल इंग्रजी जोडीवर येऊन थांबले. इंग्रजीत ही दोन्ही आडनावे साध्या, गावंढळ, थोड्या हास्यास्पद माणसांना शोभणारी. मराठीत सांगायचे तर 'सोम्या-गोम्या'.

जोडशब्दाची ही लकब आपल्यालाही चांगली ठाऊक आहे. आपण मराठीत 'चहाबिहा', 'पाणीबिणी' म्हणतो, उर्दूत 'चाय-वाय' म्हणतो. अशी जोड लावली की वस्तू हलकी होते, तिचे गांभीर्य जाते. म्हणूनच घरात मयत झालेली असताना कोणीही 'जनाजा-बिनाजा' असे म्हणत नाही. जिभेला तेवढी समज असते. 'हॉबसन-जॉबसन' म्हणताना त्या शिपायाच्या जिभेने नेमकी हीच समज गमावली होती.

पण त्या शिपायाला दोषी ठरवण्यापूर्वी थोडे थांबावे लागेल. आम्ही शाळेत मुलांना भाषा शिकवणारी माणसे आहोत. परकी भाषा कानात शिरताना काय काय होते, हे रोज पाहतो. कान हा काही कोरा कागद नसतो. मातृभाषेचे जे साचे त्यात लहानपणी बसतात, त्यांत बसेल तेवढेच तो ऐकतो. उर्दू घरातल्या मुलाला 'ळ' चटकन ऐकू येत नाही, तो 'शाला' म्हणतो. मराठी घरातल्या मुलाला 'क़लम' मधला 'क़' वेगळा वाटत नाही. इंग्रजांच्या नोकरीतल्या आपल्या शिपायांनीही हेच केले. पहाऱ्यावरचा गोरा 'हू कम्स देअर' असे ओरडायचा, आपल्या शिपायांनी त्याचे 'हुकुमदार' केले. 'लॉर्ड'चा 'लाट' केला, 'स्टेशन'चे 'टेसन' केले. भाषाशास्त्रात परक्या शब्दाने आपल्या भाषेचे कपडे घालण्याच्या या रीतीला 'हॉबसन-जॉबसनचा नियम' असेच नाव पडले आहे. तेव्हा चुकीचे ऐकणे हा गुन्हा नाही. हजारो मैल दूर येऊन पडलेल्या, बहुधा अर्धशिक्षित, दारिद्र्यामुळे फौजेत भरती झालेल्या शिपायाला करबला ठाऊक नव्हते. त्याला सांगणारेही कोणी नव्हते.

मग दोष कुठे सुरू होतो? आमच्या मते तो ठाऊक नसण्यात नाही. ठाऊक असूनही फरक न पडण्यात आहे.

कर्नल यूल यांचेच पाहा. ते अडाणी शिपाई नव्हते. त्यांच्या वडिलांनी अरबी-फारसी हस्तलिखितांचा मोठा संग्रह केला होता, तो पुढे मुलांनी ब्रिटिश म्युझियमला दिला. अशा घरात ते वाढले. 'हॉबसन-जॉबसन' म्हणजे मोहरमच्या मिरवणुकीतील विलाप, हे त्यांनी कोशात स्वतःच स्पष्ट लिहिले आहे. तरीही ग्रंथाला नाव देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी हेच निवडले. कारण त्यांनीच प्रस्तावनेत सांगितले आहे. नुसते 'शब्दसंग्रह' म्हटले तर वाचकाला ओढ वाटणार नाही, नाव चटकदार हवे. शिवाय कोशाचे लेखक दोन, म्हणून जोडनाव शोभूनही दिसते! दोन शहीद भावांच्या नावांतून दोन लेखकांच्या जोडीचा विनोद साधला गेला. यूल यांच्या मनात द्वेष होता असे आम्हाला म्हणायचे नाही. त्यांच्या कोशात जागोजागी कुतूहल आहे, आपुलकीही आहे. पण हे नाव सुचताना त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त इंग्रज वाचक होता. ज्यांचे रडणे त्या नावात आहे, त्यांच्यापैकी कोणी हे पुस्तक हातात घेईल, ही शक्यताच मनात आली नसावी. अपमान करण्याच्या हेतूने जेवढी मने दुखावली जातात, त्याहून कितीतरी अधिक मने या विसरण्यातून दुखावली जातात.

कुरआन शरीफच्या सूरह हुजुरातमध्ये एका समूहाने दुसऱ्या समूहाची थट्टा करण्यास मनाई आहे आणि एकमेकांना वाईट नावे ठेवण्यासही मनाई आहे. त्याच सूरहमध्ये थोडे पुढे असे सांगितले आहे की, माणसांची कुळे आणि कबिले केले गेले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. थट्टेची बंदी आणि ओळखीची आज्ञा जवळजवळ आल्या आहेत, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. थट्टा टाळायची तर नुसते तोंड बंद ठेवून भागत नाही, ओळख करून घ्यावी लागते.

ओळख नसली की प्रकरण कुठवर जाते, याचे उदाहरण याच हाकेच्या दुसऱ्या प्रवासात मिळते. करारबद्ध मजूर म्हणून हिंदुस्थानातून जी माणसे वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर नेली गेली, त्यांनी मोहरम बरोबर नेला. तिथे 'हुसैन'चे 'होसे' झाले. हा अपभ्रंशच, पण तो मातम करणाऱ्यांच्या स्वतःच्या तोंडून झालेला. त्या मिरवणुकीत मुसलमान होते तसेच हिंदू मजूरही होते. ऊसमळ्यांतल्या त्या मजुरांच्या हाकेत सरकारला शोक ऐकू आला नाही, दंगा ऐकू आला. मिरवणुका शहरात आणण्यास बंदी घातली गेली. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सॅन फर्नांडो शहराच्या वेशीवर पोलिसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. किमान सोळा माणसे मेली, शंभरएक जखमी झाली. यूल यांचा कोश छापून आला तो यानंतर दोन वर्षांनी. एकीकडे तीच हाक विनोद ठरली, दुसरीकडे तीच हाक गोळीबाराचे निमित्त ठरली. ज्यांच्या हातात सत्ता असते त्यांच्या कानांची जबाबदारी अधिक असते, ती यामुळे.

इथवर वाचून आपल्यापैकी काहींना इंग्रजांविषयी चीड आली असेल. पण इथे लेख संपवला तर तो अर्धवट राहील. कारण आपल्या मराठीनेही एक हॉबसन-जॉबसन घडवला आहे आणि तो जुना झालेला नाही. तो रोजच्या वर्तमानपत्रात असतो.

तो शब्द म्हणजे 'हैदोस'.

गावात बिबट्याचा हैदोस. समाजकंटकांनी हैदोस घातला. मधल्या सुट्टीत पोरांचा हैदोस चालला आहे. धुडगूस, नासधूस, धिंगाणा असा त्याचा अर्थ आपण सगळे जाणतो. जुने मराठी कोश या शब्दाचे मूळ मोहरमच्या आरोळीशी जोडतात. मूळ शब्द आहेत 'हाय दोस्त!' आणि 'हैदोसधुल्ला' मधला 'धुल्ला' म्हणजे 'दूल्हा'. हजरत इमाम हसन (रजि.) यांचे कोवळ्या वयाचे पुत्र कासिम करबलात शहीद झाले. त्यांचे लग्न ठरले होते, अशी लोककथा दख्खनमध्ये घरोघर सांगितली जाई. मेंदीचा नवरा रणात गेला, म्हणून 'हाय दोस्त, दूल्हा!' हा आकांत.

याचा पुरावा कुठे मिळतो? त्याच हॉबसन-जॉबसन कोशात! जाफर शरीफ नावाच्या एका दख्खनी मुसलमान गृहस्थाने आपल्या समाजाच्या चालीरीतींवर 'कानून-ए-इस्लाम' हे पुस्तक लिहिले. डॉ. हर्क्लॉट्स यांनी त्याचे इंग्रजी रूप १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात मोहरमच्या रात्री आलाव्याभोवती, म्हणजे आग पेटवलेल्या खड्ड्याभोवती, लोक कोणकोणत्या हाका मारीत त्याची यादी आहे. या अली, शाह हसन, शाह हुसैन, दूल्हा दूल्हा, हाय दोस्त हाय दोस्त. यूल यांनी हा उतारा आपल्या कोशात घेतला, म्हणून तो सहज सापडतो. इंग्रजी शब्दाची आई आणि मराठी शब्दाची आई अशा एकाच पानावर शेजारी बसलेल्या आहेत. नाव चुकीचे निवडले तरी पुरावा जपला, हे यूल यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

आता प्रश्न अधिक अवघड होतो. मराठी माणूस काही समुद्रापलीकडून आलेला नव्हता. तो तर ताबुतांच्या मिरवणुकीत होता. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या आणि इंदूरला होळकरांच्या राज्यात दरबारी इतमामाने ताजिये निघत. पुण्यातही ताबुतांपुढे हिंदू मंडळी मोठ्या संख्येने असत, नवस बोलत, पंजांना फुले वाहत. मग ज्याने खांदा दिला त्याच्याच भाषेत 'हाय दोस्त'चा धिंगाणा कसा झाला?

याचे उत्तर आपल्याला थोडे टोचणारे आहे. हाक ऐकणाऱ्यांनी बदलली, तशी ती देणाऱ्यांनीही बदलली होती. आलाव्याभोवती उड्या मारणारे, काठ्या-तलवारी खेळणारे, वाघाची सोंगे घेऊन नाचणारे लोक आपलेच होते. जाफर शरीफ स्वतः दख्खनी मुसलमान, पण त्यांनीही आगीभोवती खेळणाऱ्या लोकांना अजाण ठरवले आहे. दुःखाची जत्रा झाली की बघणाऱ्याला जत्राच दिसणार. तेव्हा गोऱ्या शिपायाला तमाशा दिसला आणि मराठी शेजाऱ्याला धुडगूस दिसला, यात आपल्या पूर्वजांचाही वाटा होता, हे प्रामाणिकपणे मान्य करू या. दुसऱ्याने आपले दुःख नीट ऐकावे अशी अपेक्षा करणाऱ्याने ते नीट सांगायलाही हवे.

त्यानंतर एक वेगळी घटना घडली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. १८९४ मध्ये पुण्यात गणेशोत्सवाला मोठे सार्वजनिक रूप आले आणि हिंदूंनी ताबुतांपासून दूर राहावे असा प्रचारही झाला. पाहता पाहता ताबुतांपुढची गर्दी ओसरली. त्या राजकारणात इथे शिरायचे नाही. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की, जोवर शेजारी मिरवणुकीत होता तोवर 'हैदोस' या शब्दामागे कोणाचे तरी रडणे आहे, हे त्याला निदान पाहून तरी ठाऊक होते. तो बाजूला झाला आणि शब्द एकटा पडला. आज बातमी लिहिणाऱ्याला त्याची वंशावळ ठाऊक नाही, आणि वाचणाऱ्या शेख-सय्यदांनाही नाही.

अशी तुटलेली ओळख एकाच बाजूची असते असे नाही. अजानमधल्या 'अकबर' या शब्दात अकबर बादशहाचे नाव आहे, असे समजणारी सुशिक्षित माणसे पुण्यात आजही भेटतात. 'अकबर' म्हणजे 'सर्वांत महान', हे सांगायला अर्धे मिनिट लागते. पण पिढ्यानपिढ्या शेजारी राहून ते अर्धे मिनिट निघालेले नसते. उलट बाजूही पाहा. दरवर्षी आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात. दोन्ही ठिकाणांना लागून आपल्या वस्त्या आहेत. 'ग्यानबा-तुकाराम' हा गजर आपल्या खिडक्यांतून आत येतो. त्यातला 'ग्यानबा' म्हणजे ज्ञानेश्वर, हे आपल्या किती मुलांना ठाऊक असते? आणि शेकडो मैल पायी चालणारी ती माणसे कोणत्या ओढीने निघाली आहेत, हे आपण कधी त्यांना विचारले आहे? की रस्ता बंद झाला, रिक्षा मिळेना, एवढाच त्या गजराचा अर्थ आपल्यासाठी उरला आहे? पेठेतल्या काही मुस्लिम घरांतून वारकऱ्यांना पाणी आणि चहा दिला जातो, ही समाधानाची गोष्ट आहे. पाणी देणाऱ्याने नावही विचारावे, एवढेच आमचे म्हणणे.

मग 'हैदोस' हा शब्द मराठीतून काढून टाकावा काय? आमच्या मते नाही. शब्दाला शिक्षा देऊन काही साधत नाही. ज्याला मूळ ठाऊक नाही तो आज 'हैदोस' म्हणताना कोणाचा अपमान करीत नाही, आणि आपण त्यात अपमान शोधायला निघालो तर भांडणांना आधीच कमी नाही. शिवाय हा शब्द पुसला तर आपले पूर्वज या मातीत रडले होते आणि मराठीने ते रडणे, चुकीचे का होईना, पण ऐकले होते, याची एक खूणही पुसली जाईल. 'तमाशा', 'फिर्याद', 'अलबत', 'हैदोस' हे सगळे मराठीच्या घरातले आपले जुने नातेवाईक आहेत. एखाद्या नातेवाइकाचे नाव बिघडले म्हणून कोणी त्याला घराबाहेर काढत नाही. त्याचे खरे नाव मुलांना सांगतात.

हे सांगणे मात्र आपले काम आहे आणि ते फारसे कठीण नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीचा तास असतो. 'हैदोस' हा शब्द आला की बहुतेक ठिकाणी समोर 'धिंगाणा' असा समानार्थी शब्द लिहून पुढचा शब्द घेतला जातो. तिथे दोन मिनिटे थांबावे. फळ्यावर 'हाय दोस्त' असे उर्दूत आणि मराठीत लिहावे. कासिमची कहाणी सांगावी, ती लोककथा आहे हेही सांगावे. वरच्या वर्गात जमल्यास 'हॉबसन-जॉबसन'ही सांगावा, म्हणजे इंग्रजीच्या तासाची भीती थोडी कमी होईल. आणि मग मुलांनाच विचारावे, तुमच्या गल्लीत अशी कोणती हाक रोज ऐकू येते की जिचा अर्थ तुम्हाला ठाऊक नाही? उद्या विचारून या. मराठी शाळांतल्या आमच्या शिक्षक बंधुभगिनींनाही हीच विनंती. मुले घरी जाऊन काय विचारून येतात ते पाहावे. त्यातून आम्हा शिक्षकांनाही बरेच शिकायला मिळेल.